रक्त पातळ करणारी गोळी गुठळी विरघळवत नाही, मग विरघळवतं कोण?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आईचं वय ६१. गुडघ्याचा सांधा बदलण्याचं ऑपरेशन झालं, अकराव्या दिवशी डावा पाय सुजला, डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीतल्या खोल शिरेत गुठळी निघाली. तीन महिने अपिक्साबॅन चालू आहे. परवा पुन्हा डॉपलर केलं, तर रिपोर्टात गुठळी अजून आहेच. डॉक्टर म्हणाले, ही गोळी गुठळी विरघळवत नसते. तुम्ही विचारताय की मग तीन महिने दिली कशाला? आणि शरीराकडूनच गुठळी विरघळवून घेणारं अँटीबॉडीचं इंजेक्शन आलंय असं वाचलंत, ते मुंबई-पुण्यात कुठे मिळेल आणि खर्च किती?

मी मेडिसिनचा डॉक्टर आहे. शिरेतल्या आणि फुप्फुसातल्या गुठळ्यांचे पेशंट गेली बावीस वर्षं बघतोय. इंजेक्शनबद्दल आधीच सांगतो, ते अजून बाजारात आलेलं नाही. माणसांवर चाचण्यांच्या टप्प्यावर आहे. त्यामुळे कुठल्या दुकानात चौकशी करू नका आणि कुणी विकत असेल तर पैसे देऊ नका. पण तुमच्या प्रश्नात त्याहून महत्त्वाची एक गोष्ट दडलेली आहे. तीन महिन्यांनी डॉपलरमध्ये जे दिसतंय ती अजून गुठळीच आहे का? याचं उत्तर कळलं तर त्या इंजेक्शनाचा आईला उपयोग झाला असता की नाही, हेही आपोआप कळेल. आई समोर नाहीत, रिपोर्ट पूर्ण वाचलेला नाही, ऑपरेशनच्या आधी त्यांना गुठळीचा त्रास कधी झाला होता का, घरात कुणाला आहे का, हे मला माहीत नाही. या सगळ्यावर बरंच काही अवलंबून असतं, तेव्हा गोळीचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

आता मुळापासून बघू. आपल्याकडे या गोळीला 'रक्त पातळ करणारी' म्हणतात. ते नाव चुकीचं आहे. रक्त पाण्यासारखं पातळ वगैरे काही होत नाही. रक्त साकळण्याची क्रिया ती मंद करते, एवढंच. दुधाला विरजण लावलं आणि अर्धवट लागल्यावर फ्रीजमध्ये ठेवलं, तर पुढे लागायचं थांबेल. लागलेल्या दह्याचं परत दूध होणार नाही. अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, वॉर्फरिन, ॲसिट्रॉम, पोटाच्या कातडीत टोचतात ते हेपारिन, या सगळ्यांचं काम फ्रीजचं. गुठळीत नवी भर पडू द्यायची नाही, ती वर सरकत जाऊ द्यायची नाही, तिचा तुकडा फुप्फुसात जाण्याचा धोका कमी करायचा. तीन महिने गोळी दिली ती यासाठी, आणि तेवढ्या वेळात विरघळवायचं काम शरीर करत होतं.

कसं, ते सांगतो. रक्त साकळतं तेव्हा फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं तयार होतं आणि त्यात रक्तपेशी अडकतात. नंतर 'फॅक्टर १३' येऊन त्या धाग्यांना आडवे टाके घालतो, मग जाळं पक्कं होतं. हे जाळं कापणारी कात्री म्हणजे प्लाझमिन. तिचा न उघडलेला प्रकार, प्लाझमिनोजेन, यकृतात तयार होऊन रक्तातून कायम फिरत असतो. रक्तवाहिनीचं अस्तर टीपीए नावाचं द्रव्य सोडतं, ते फायब्रिनच्या धाग्यावर प्लाझमिनोजेनला गाठतं आणि कात्री उघडतं. जाळं कापल्यावर जे तुकडे रक्तात येतात त्यातल्या एकाचं नाव डी-डायमर. आईच्या फाईलमध्ये पहिल्याच दिवशीचा तो रिपोर्ट असेल, वाढलेल्या आकड्याखाली शाईची रेघ मारलेली. नातेवाईक तो आकडा बघून घाबरतात. पण त्याचा अर्थ असा की जाळं तयार झालंय आणि त्याच दिवशी आईच्या शरीराने ते कापायलाही घेतलंय. एकही गोळी पोटात जायच्या आधी.

मग सगळी गुठळी पटकन का संपत नाही? कारण कात्री मोकाट सुटली तर अनर्थ होईल. ऑपरेशनच्या जखमेतलं जाळंही तीच कापेल. म्हणून शरीराने तिला लगाम घातलाय. एक नाही, तीन. पीएआय-१ टीपीएलाच धरतो. टाफी हा फायब्रिनवरच्या ज्या जागांना प्लाझमिनोजेन चिकटतं त्या जागाच छाटून टाकतो. आणि सगळ्यात जोरकस लगाम अल्फा-२-अँटीप्लाझमिन. मोकळ्या रक्तात सुटलेल्या प्लाझमिनला तो इतक्या झपाट्याने पकडतो की निम्मं प्लाझमिन सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात निकामी होतं. फायब्रिनला चिकटलेल्या प्लाझमिनला मात्र त्याच्यापासून बरंच संरक्षण मिळतं, म्हणून कात्री चालते ती मुख्यतः गुठळीवर. पण गंमत अशी की फॅक्टर १३ जाळ्याला टाके घालतो तेव्हा अँटीप्लाझमिनचे रेणूही धाग्यांना शिवून टाकतो. म्हणजे गुठळी आपला राखणदार पोटात घेऊनच जन्माला येते.

या अँटीप्लाझमिनचा शोध १९७६ साली तीन गटांनी वेगवेगळा लावला. त्यातला एक बेल्जियमच्या डेझिरे कोलेन यांचा. टीपीएचं औषध बनवण्यातही मोठा वाटा याच माणसाचा. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, जपानमधून जन्मतः अँटीप्लाझमिन नसलेल्या एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. तीव्र रक्तस्राव हा त्याचा आजार होता. अशा लोकांत एक खास खूण दिसते, जखम झाल्यावर रक्त आधी थांबतं आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतं. गुठळी बनते, पण टिकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता गुठळी औषधाने विरघळवायची तर दोन वाटा. पहिली, कात्र्या वाढवायच्या. आम्ही आजवर हेच करत आलो. विल्यम टिलेट यांनी १९३३ मध्ये दाखवलं की स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा द्रव माणसाची गुठळी विरघळवतो. त्यातूनच पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. नंतर टीपीए, म्हणजे अल्टेप्लेज. मग टेनेक्टेप्लेज, जे आता आपल्या पुण्यातही बनतं. हार्ट ॲटॅक आणि लकव्यात या औषधांनी असंख्य लोक वाचले. पण त्यांची किंमत मी जवळून पाहिली आहे.

मी निवासी डॉक्टर असतानाची रात्र. अठ्ठेचाळीस वर्षांचे गृहस्थ, फुप्फुसात मोठी गुठळी, वरचं बीपी ७०. स्ट्रेप्टोकायनेजची बाटली हलवायची नाही, फेस होतो, तळहातावर हळूहळू फिरवायची असते. मी ती फिरवत बसलो होतो आणि त्यांच्या पत्नी दारात उभ्या होत्या. सुरुवातीला अडीच लाख युनिट, मग तासाला एक लाख. पहाटेपर्यंत बीपी सावरलं, श्वास शांत झाला. दुपारी हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं, सुई टोचलेली प्रत्येक जागा ओली होऊ लागली, लघवीच्या पिशवीत लाल रंग आला. स्ट्रेप्टोकायनेज सगळ्या रक्तात कात्र्या उघडत सुटतं, अँटीप्लाझमिनचा साठा संपतो आणि मोकळं प्लाझमिन रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे फायब्रिनचा कच्चा मालच, खाऊ लागतं. ते गृहस्थ वाचले. पण त्या दिवसापासून हे औषध देताना 'याला खरंच गरज आहे का' हा प्रश्न मी स्वतःला दोनदा विचारतो.

आकडेही तेच सांगतात. लकव्यात टीपीए उपयोगी ठरवणाऱ्या १९९५ च्या अमेरिकन चाचणीत त्रास देणारा मेंदूतला रक्तस्राव औषध मिळालेल्यांत ६.४ टक्के होता, न मिळालेल्यांत ०.६ टक्के. तरीही एकूण फायदा जास्त होता म्हणून आपण ते देतो. फुप्फुसातल्या मध्यम धोक्याच्या गुठळीवर युरोपात 'पायथो' नावाची चाचणी झाली, २०१४ मध्ये निकाल आला. टेनेक्टेप्लेज मिळालेल्या ५०६ जणांपैकी १० जणांच्या मेंदूत रक्तस्राव झाला, फक्त हेपारिन मिळालेल्या ४९९ पैकी एकाच्या. गुठळीमुळे प्रकृती ढासळण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं हे खरं, पण जे मिळालं त्यातलं बरंचसं रक्तस्रावाने परत घेतलं. आईसारख्या पायातल्या गुठळीचं बोलायचं तर अमेरिकेतल्या 'अट्रॅक्ट' चाचणीत ६९२ रुग्णांपैकी निम्म्यांच्या शिरेत नळी घालून गुठळी विरघळवली आणि काढली. पायाच्या दीर्घकालीन दुखण्याचं प्रमाण त्यांच्यात ४७ टक्के, नुसत्या गोळ्या-इंजेक्शनवाल्यांत ४८. पाय धोक्यात आला असेल, किंवा पेशंट तरुण असून गुठळी पोटापर्यंत चढली असेल, तर गोष्ट वेगळी, एरवी मी नळीची वाट सहसा सुचवत नाही, ती यामुळे. तुमच्या डॉक्टरांनी आईला विरघळवण्याचं औषध दिलं नाही, यात मला काही वावगं दिसत नाही. गुडघ्याचं ताजं ऑपरेशन असताना तर नाहीच.

दुसरी वाट म्हणजे कात्र्या आहेत तेवढ्याच ठेवून लगाम सैल करायचा. तुम्ही वाचलेली अँटीबॉडी हेच करते. अँटीबॉडी म्हणजे एकाच रेणूला ओळखून त्यालाच चिकटणारं प्रथिन. अँटीप्लाझमिनला चिकटून ती त्याला निकामी करते, मग शरीराने स्वतः गुठळीवर उघडलेल्या कात्र्या जास्त वेळ चालतात. कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या गाय रीड यांनी १९९० मध्येच दाखवलं होतं की अशी अँटीबॉडी जोडीला दिली तर गुठळी विरघळवणारी औषधं एकमेकांना बळ देतात. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने उंदरांच्या फुप्फुसातल्या गुठळ्यांवर काम प्रसिद्ध केलं. त्यात नुसत्या अँटीप्लाझमिनला आवर घालून गुठळी मोठ्या डोसच्या टीपीएइतकीच विरघळली, आणि रक्तस्राव वाढला नाही, फायब्रिनोजेनही घटलं नाही. त्यातूनच 'टीएस२३' हे माणसांसाठीचं औषध पुढे आलं. फुप्फुसातल्या मध्यम धोक्याच्या गुठळीवर त्याची चाचणी आखली गेली, आणि लकव्याचा झटका येऊन ४.५ ते २४ तास झालेल्या, टीपीए किंवा नळीचा उपाय करता न येणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत 'सिस्टर' नावाची चाचणी सुरू झाली. बेल्जियममध्ये ल्यूव्हेनच्या गटाने पीएआय-१ आणि टाफी या दोन्ही लगामांना एकदम धरणारी दुतोंडी अँटीबॉडी उंदरांवर वापरून पाहिली आहे.

मला ही वाट मनापासून आवडते. त्यामागचा तर्क साधा आहे. बाहेरून टीपीए ओतलं की कात्री कुठेही उघडते. लगाम सैल केला तर कात्री तिथेच चालेल जिथे शरीराने उघडली, म्हणजे फायब्रिनवर. स्ट्रेप्टोकायनेजनंतर पाहिलेलं ते सर्वांगातून झिरपणं इथे होऊ नये. पण 'होऊ नये' आणि 'होत नाही' यांत माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांचं अंतर आहे. उंदरांत उत्तम चाललेली किती औषधं, विशेषतः लकव्यातली, माणसांत फसली हे आम्ही सगळ्यांनी पाहिलंय.

माझ्या मनात तीन शंका आहेत. एक, बंद कसं करायचं? टीपीएचा निम्मा अंश साधारण पाच मिनिटांत रक्तातून जातो, रक्तस्राव दिसला तर ड्रिप बंद करता येते. नेहमीच्या घडणीची अँटीबॉडी रक्तात निम्मी व्हायला तीन आठवडे घेते. मध्येच पेशंट पडला, डोक्याला लागलं, अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं, तर काय? पाळीत जास्त रक्त जातं तेव्हा देतात ती ट्रानेक्झामिक ॲसिडची गोळी किंवा इंजेक्शन प्लाझमिनला फायब्रिनपासून दूर ठेवतं, ते कामी येऊ शकेल. तरी मला याचं उत्तर चाचण्यांतून हवंय. दोन, ताज्या जखमा. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं तो जपानी रुग्ण आठवा. लगाम नसेल तर ऑपरेशनच्या जागेतलं जाळंही वेळेआधी सुटेल. अकरा दिवसांचा ताजा गुडघा असलेल्या आईला हे औषध तेव्हा उपलब्ध असतं तरी मी हात आखडता घेतला असता. तीन, पोहोचायचं कसं? पूर्ण बंद झालेल्या शिरेत रक्तच वाहत नाही, आणि अँटीबॉडी हा मोठा रेणू आहे. गुठळीच्या आत शिवलेल्या राखणदारापर्यंत तो किती झिरपेल, हे गुठळी कुठे आणि किती जुनी यावर ठरेल. फुप्फुसात गुठळीच्या कडेने जोरात रक्त वाहत असतं, तिथे मला याची आशा जास्त वाटते.

इथपर्यंत आलात तर हिशेब असा झाला: गोळीने भर थांबवली, शरीराने कापलं, आणि अँटीबॉडी ते कापणं वाढवू पाहते. आता आईच्या डॉपलरकडे वळू.

रिपोर्ट पुन्हा काढा आणि शब्द वाचा. तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टात बहुधा 'पार्शली रिकॅनलाइज्ड' असं लिहिलेलं असतं, म्हणजे शिरेतून पुन्हा वाट फुटली आहे. 'एकोजेनिक' किंवा 'वॉल ॲडहरंट' असंही असेल, म्हणजे पांढरट दिसणारा, भिंतीला चिकटलेला भाग. फायब्रिनचं जाळं काही आठवडे तसंच राहिलं की शरीर कापणं सोडून त्यात पेशी धाडतं, आणि जाळ्याच्या जागी कोलॅजेन भरतं. कातडीवर जखमेचा वण राहतो तसा शिरेच्या आत वण उरतो. प्लाझमिन फायब्रिन कापतं, कोलॅजेनवर त्याची मात्रा चालत नाही. त्यामुळे कात्र्या वाढवल्या काय आणि लगाम सैल केला काय, या वणावर फरक पडणार नाही. उद्या अँटीबॉडी बाजारात आली तरी ती आईच्या या उरलेल्या भागाचं औषध नसेल. पहिल्या काही दिवसांच्या ताज्या गुठळीचं असेल.

मांडीतल्या मोठ्या गुठळीनंतर असा अवशेष राहणं नेहमीचं आहे आणि त्याचा अर्थ उपचार फसले असा होत नाही. माझ्याकडे अशी बाई आली की मी रिपोर्टाआधी पाय बघतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली टेप लावून दोन्ही पोटऱ्या मोजतो. नडगीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघतो. संध्याकाळी पाय जड होतो का, घोट्याजवळची कातडी काळवंडतेय का, खाज येते का, हे विचारतो. आणि जिना चढताना आधीपेक्षा जास्त दम लागतो का, हे मुद्दाम विचारतो. फुप्फुसात गुठळी गेलेल्यांपैकी शंभरात दोन-चार जणांत तिथे असाच वण राहून फुप्फुसाचा दाब वाढतो, आणि त्यावर वेगळे उपचार असतात. तीन महिने गोळी घेऊनही दम लागत असेल तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या.

ऑपरेशनसारख्या ठोस कारणाने झालेली ही पहिलीच गुठळी असेल आणि ते कारण आता संपलं असेल, तर साधारण तीन महिन्यांनी गोळी थांबवण्याचा विचार करतात. डॉपलरमध्ये अवशेष दिसतो एवढ्यावरून सहसा ती वाढवत नाहीत. घरात गुठळ्यांचा इतिहास, कर्करोग, आधीची गुठळी, यातलं काही असेल तर हिशेब बदलतो. डॉक्टरांना सरळ विचारा, "थांबवायची का, आणि कशाच्या आधारावर?" तोवर एकही डोस चुकवू नका, अपिक्साबॅनचा असर फार टिकत नाही, म्हणूनच ती दिवसातून दोनदा असते. आईने रोज चालावं, बसताना पाय वर ठेवावा. सूज असेल तर मापाचा घट्ट मोजा आराम देतो, पायाचा धमनीचा रक्तपुरवठा ठीक असल्याची खात्री करून. नॅटोकायनेज वगैरे नावाच्या 'गुठळी विरघळवणाऱ्या' कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, अशा गुठळीवर त्यांच्या भरवशावर राहावं असा पुरावा नाही, आणि अपिक्साबॅनबरोबर घेतल्या तर रक्तस्रावाची जोखीम वाढते. अचानक दम, छातीत कळ, थुंकीत रक्त, डांबरासारखी काळी शौच किंवा डोक्याला मार, यातलं काही झालं तर सरळ हॉस्पिटल गाठा.

नेटवर शोधताना एक घोळ टाळा. 'गुठळी' आणि 'अँटीबॉडी' हे शब्द एकत्र टाकले की चार वेगळ्या गोष्टी समोर येतात. अबेलासिमॅब फॅक्टर ११ अडवून गुठळी होऊ नये म्हणून काम करतं, विरघळवत नाही. कॅप्लासिझुमॅब टीटीपी नावाच्या दुर्मिळ आजारात प्लेटलेटच्या बारीक गुठळ्या रोखतं. इडारुसिझुमॅब तर उलट्या दिशेचं, डॅबिगाट्रान या गोळीचा असर तातडीने उतरवण्यासाठी. आणि अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी ही औषधच नाही, ती शरीरात असली तर गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आईच्या फाईलमध्ये त्या शेवटच्या नावाची तपासणी असेल तर तिचा निकाल इथे लिहा, कारण ती खरोखर पॉझिटिव्ह असेल तर गोळी कोणती आणि किती दिवस, हे दोन्ही बदलू शकतं.

आणि परवाचा डॉपलर रिपोर्ट प्रतिमांसकट जपून ठेवा, गोळी थांबवल्यावरही. पुढे कधी पाय पुन्हा सुजला तर सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न हाच असेल की दिसतोय तो जुना वण की नवी गुठळी. हा कागद समोर नसेल तर ते ओळखणं फार अवघड जातं, आणि आईला नुसत्या संशयापायी पुन्हा कित्येक महिने गोळी घ्यावी लागते.